घरच्या घरी सुरीला धार: दगडापासून चामड्याच्या पट्ट्यापर्यंत

टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरायला लागली की बहुतेक घरांत एकच उपाय होतो: नवी सुरी. ऐपतीप्रमाणे स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून किंवा मॉलमधून. काही महिन्यांत तिचीही तीच गत. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं, धार मात्र दुकानातून आली तेवढीच. खरं तर सुरीत बिघडलेली असते ती फक्त पात्याच्या कडेची केसाएवढी रेघ, आणि ती ओट्यावर उभं राहून अर्ध्या-पाऊण तासात नीट करता येते.

हा लेख ज्यांनी आजवर दगडाला हात लावला नाही त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांनी लावला, व्हिडिओ बघून मोजून घासलं, तरी सुरी होती तशीच राहिली, त्यांच्यासाठी तर नक्कीच. अशी माणसं मला बरीच भेटतात. त्यांचा दगड चांगला असतो, सुरीही बरी असते. घोळ होतो तो बहुतेक एकाच जागी, तिसऱ्या पायरीवर, म्हणून तिथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी सुरी बघा

ट्यूबलाइटखाली उभे राहा, सुरी धार वर करून धरा आणि कडेकडे सरळ वरून बघा. खरी धार दिसतच नाही, कारण उजेड परतायला तिथे जागाच नसते. बोथट कडेवर पांढरी रेघ चमकते, कुठे सलग, कुठे तुटक. जिथे चमकतंय तिथली धार गेली. पात्याच्या मध्यावर आणि मुठीकडच्या टाचेपाशी ही रेघ सहसा ठळक असते, कारण रोजचा कांदा-बटाटा तिथेच चिरला जातो. टोक बऱ्याचदा अजून नवंच असतं.

दोन प्रकारच्या सुऱ्या बाजूला ठेवा. एक, रंगीत प्लास्टिकच्या मुठीची ती छोटी दातेरी सुरी, जी मुंबईत जवळपास प्रत्येक घरात असते. सपाट दगडावर तिचे दात झिजतात आणि हाती काही लागत नाही. गेली की बदलायची. दुसरी, पांढऱ्या सिरॅमिकची. तिला हिऱ्याचा दगडच लागतो आणि जोर दिला तर तिचे टवके उडतात.

उरली साधी, सरळ पात्याची स्टेनलेस स्टीलची सुरी. हे स्टील तुलनेने मऊ असतं. म्हणजे धार लवकर जाते, पण तेवढ्याच लवकर लागतेही. शिकायला हिच्याइतकी चांगली सुरी नाही. महागडी जपानी सुरी घरात असेल तर तिला हात लावायच्या आधी चार वेळा या स्वस्त सुरीवर हात बसवा.

सामान काय लागेल

- दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड, ८ इंची. एक बाजू खरखरीत, एक बारीक. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. ६ इंची घेऊ नका, लांब सुरीला तो पुरत नाही.
- १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे रंगारी ओला करून वापरतात तो काळा पॉलिश पेपर. त्याच्याखाली ठेवायला एक सपाट, गुळगुळीत टाइल.
- चामड्याची एक पट्टी, साधारण दोन इंच रुंद आणि आठ-दहा इंच लांब, आणि ती चिकटवायला तेवढाच प्लायवूडचा तुकडा.
- पॉलिशचा हिरवा साबण. भांडी आणि धातूचे भाग बफिंग करणारे वापरतात तो. लहानशी वडी अनेक वर्षं जाते.
- काळा परमनंट मार्कर, जुना टॉवेल, वाटीभर पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि देवाच्या वातींच्या डब्यातला थोडा कापूस.

सगळं एका फेरीत आणायचं असेल तर मस्जिद स्टेशनला पश्चिमेला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा. हत्यारं, दगड, बफिंगचं सामान तिथे दुकानामागून दुकान आहे. रविवारी जाऊ नका, बहुतेक बाजार बंद असतो. चामड्यासाठी धारावी. तिथे पिशव्या-पट्ट्यांच्या कामातून उरलेले तुकडे मिळतात. गुळगुळीत, रंग चढवलेलं, गादीसारखं मऊ चामडं नको. कडक, साधं, न रंगवलेलं मागा. घरातला जुना कमरेचा पट्टा चालेल का, असं सगळेच विचारतात. चालेल, पण आधी त्याची कापलेली कड बघा. आत तंतू दिसले तर चामडं. कापडाचा किंवा फोमचा थर दिसला तर ते रेक्झिन, त्याचा उपयोग नाही. चामडं नाहीच मिळालं तर जुन्या जीन्सचा पाय कापून प्लायवर ताणून चिकटवा. उन्नीस-बीस फरक पडेल, पण काम होईल.

नंबरांबद्दल एवढंच: नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. दुकानदार कार्बोरंडमच्या दगडाच्या ज्या बाजूला ‘फाइन’ म्हणतो ती बाजूदेखील १००० नंबरच्या पाण्याच्या दगडापेक्षा (म्हणजे पाण्यावरच वापरायच्या बारीक दाण्याच्या दगडापेक्षा) बरीच खरखरीत असते. म्हणून तर वॉटर पेपर सांगितला. पुढे हौस वाढली तर १०००/६००० चा पाण्याचा दगड ऑनलाइन मागवा. पहिल्याच दिवशी त्यात पैसे घालायची गरज नाही.

१. दगड बसवा

दगड पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की तो भिजला. तोवर टॉवेल ओला करून, पिळून, घडी घालून ओट्यावर पसरा. त्यावर दगड, खरखरीत बाजू वर. दगड तसूभरही सरकता कामा नये. सरकणारा दगड हा या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे, धारदार सुरी नव्हे.

वरून पाणी आणि लिक्विडचा एखादा थेंब. पाण्याने घासलेलं लोखंड आणि दगडाची भुकटी वाहून जाते आणि दगडाची भोकं बुजत नाहीत. काही जण तेल वापरतात. तेही चालतं, पण एकदा तेल पाजलं की त्या दगडाला कायम तेलच, परत पाण्यावर येता येत नाही. आणि तेल म्हणजे शिलाई मशीनचं. गोडेतेल किंवा खोबरेल ओतलंत तर थोड्याच दिवसांत दगडावर चिकट राप बसेल आणि सुरी त्यावरून नुसती घसरेल.

नळाखाली करायची गरज नाही. ज्यांच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं त्यांनी वाटीत घेऊन ठेवावं, वाटीभर पुरतं.

२. कोन ठरवा

कोन म्हणजे दगड आणि पातं यांच्यातली फट. आपल्या साध्या सुऱ्यांना दोन्ही बाजूंनी साधारण २० अंश हवेत. पातळ पात्याच्या कडक जपानी सुऱ्यांना १५. कोनमापक शोधू नका. पात्याची रुंदी बघा, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर. सुरी दगडावर आडवी ठेवून पाठ त्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उचलली की २० अंश होतात, चौथ्या हिश्श्याएवढी उचलली की १५. पातं ३ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंटिमीटर वर. बस.

आता मार्कर घ्या आणि धारेला लागून जो चकचकीत अरुंद उतार दिसतो तो दोन्ही बाजूंनी काळा करा. ठरवलेल्या कोनात दगडावर एक-दोनदाच सुरी फिरवा आणि बघा. शाई धारेपाशी तशीच राहून वरच्या बाजूला पुसली गेली असेल तर तुमचा कोन कमी आहे, पाठ थोडी उचला. फक्त अगदी काठावरची पुसली गेली तर कोन जास्त, पाठ खाली घ्या. उतारभर सारखी पुसली गेली की कोन जमला. शाई संपली की परत लावायची. सुरुवातीला दर दोन-तीन मिनिटांनी लावा, लाजायचं कारण नाही.

२० ऐवजी १८ किंवा २३ झाले तर सुरी तक्रार करत नाही. पण सुरुवातीला धरलेला कोन शेवटपर्यंत तोच राहायला हवा. मनगट डुललं की धार गोल होते. म्हणून मनगट बांधल्यासारखं ठेवा आणि हालचाल खांद्यातून करा. ओटा तुमच्या उंचीला बुटका असेल तर दगडाखाली पोळपाट घ्या.

३. पहिली बाजू, बर उठेपर्यंत

उजव्या हातात मूठ, डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर, जो भाग दगडाला टेकलाय बरोबर त्याच्या वर. बोटं पात्याच्या अंगावर, काठावर नव्हे. टाचेपासून सुरुवात करा, पुढे-मागे घासा, हळूहळू टोकाकडे सरका. टोकाकडे पातं वळतं, तिथे मूठ किंचित वर उचलायची, नाहीतर टोकाजवळचा वळणाचा भाग दगडाला लागतच नाही आणि तेवढाच बोथट राहतो.

जोर किती? ओट्यावर डिजिटल वजनकाटा असेल तर दगड त्यावर ठेवून एकदा दाबून बघा. सुरुवातीला किलो-सव्वा किलो पुरे. त्याहून जास्त जोराने पातं वाकतं आणि कोन बिघडतो.

आता मुद्द्याचं. दहा वेळा घासायचं की वीस वेळा, हा प्रश्नच सोडून द्या. दोन बाजूंचे दोन उतार जिथे भेटतात ती धार. बोथट सुरीत ते भेटत नाहीत, मध्ये गोलसर कड उरलेली असते. तुम्ही एका बाजूने घासत जाता तसा उतार झिजत झिजत त्या कडेकडे सरकतो. तो अगदी कडेपर्यंत पोचला की तिथे उरलेला कागदासारखा पातळ धातू दगडाच्या दाबाने पलीकडच्या बाजूला दुमडतो. कारखान्यात त्याला बर म्हणतात. बर उठली याचा अर्थ दगड कडेला भिडला. बर नाही याचा अर्थ तुम्ही अजून उताराच्या अंगावरच घासताय, मग शंभर वेळा घासलं तरी धार तिथेच. ज्यांना धार येत नाही ते इथेच आधी थांबलेले असतात. सुरी पालटतात, दुसरी बाजू घासतात, परत पहिली घासतात, आणि दोन्ही बाजू कडेपासून थोड्या थोड्या अलीकडेच राहतात.

बर डोळ्यांना सहज दिसत नाही, बोटाला लागते. जी बाजू घासलीत तिच्या उलट बाजूवर अंगठा ठेवा आणि पाठीकडून धारेकडे, पात्याच्या बाहेर जाईल असा हळूच ओढा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवायचं नाही, आडवंच न्यायचं. काठाशी अंगठ्याला काहीतरी अडतं, नखाला खरखर लागावी तसं. ती बर. बोटावर भरवसा नसेल तर वातीचा कापूस त्याच दिशेने ओढा. जिथे बर आहे तिथे कापसाचे तंतू अडकून मागे राहतात, जिथे नाही तिथे कापूस सुळकन निघून जातो. टाचेपाशी तंतू, मध्ये काही नाही, पुन्हा टोकाला तंतू, असं चित्र दिसलं तर मधल्या भागावरच काम करायचं. सगळं परत घासू नका.

टाचेपासून टोकापर्यंत बर सलग लागली पाहिजे. वर्षानुवर्षं न पाजवलेल्या सुरीला पहिल्या वेळी एका बाजूलाच दहा-पंधरा मिनिटं जातील. कंटाळा येईल. पण ही कसरत पहिल्याच वेळची; पुढच्या खेपेला दोन-तीन मिनिटांत बर उठते.

४. दुसरी बाजू

सुरी पालटा. कोन तोच, जोर तोच, डावा हात जरा अवघडेल. हात न बदलता सुरीचं तोंडच फिरवायचं की हात बदलायचा, हे आपापल्या सोयीने ठरवा. पहिल्या बाजूची बर आता इकडून घासली जाईल आणि उलट बाजूला नवी उठेल. तिचीही परीक्षा तीच, अंगठा नाहीतर कापूस. सलग लागली की खरखरीत बाजूचं काम झालं.

५. बारीक बाजू आणि वॉटर पेपर, हात हलका

दगड उलटा करा. आता पातं खोलवर झिजवायचं नाही, खरखरीत दाण्यांनी पडलेले ओरखडे बारीक करायचे आहेत. जोर निम्मा. एक बाजू, मग दुसरी, प्रत्येक वेळी बर बघत. ती आता आधीपेक्षा बारीक लागेल.

मग वॉटर पेपर टाइलवर ओला करून चिकटवा, आधी १००० चा, मग २००० चा. इथे एक नियम बदलतो: धार पुढे ठेवून ढकलायची नाही, नाहीतर कागद फाटेल. पाठ पुढे आणि धार मागून येईल अशी सुरी ओढायची. वजन जवळपास सुरीचंच. आधी एका बाजूला पाच ओढी, दुसऱ्या बाजूला पाच, मग तीन-तीन, मग आलटून पालटून एक-एक. बर अशीच उतरते. एका बाजूला फार वेळ राहिलात की ती जात नाही, फक्त घर बदलते.

बर तशीच ठेवून सुरी वापरायला घेतली तर पहिल्या दिवशी ती वस्तऱ्यासारखी वाटते. भाजी सपासप कापली जाते, घरातले वाहवा करतात. दोन दिवसांनी ती पातळ दुमड तुटते किंवा वाकते आणि सुरी पुन्हा बोथट. मग दोष दगडाला. ‘धार लावली पण टिकली नाही’ अशी तक्रार ऐकली की बर उतरवली होती का, हेच मी आधी विचारते.

६. पट्टा

पूर्वी न्हाव्याच्या खुर्चीला चामड्याचा पट्टा टांगलेला असायचा आणि दाढीआधी वस्तरा त्यावर चार हात फिरायचा. अर्ध्या पात्याचे बदलते वस्तरे आले आणि पट्टे गेले. सुरीसाठी तो टांगता नको, प्लायवर चिकटवलेला सपाट बरा. टांगता पट्टा जोराखाली खोलगट होतो आणि धार गोल करतो.

चामडं फेव्हिकॉलने नाहीतर रबर सोल्युशनने चिकटवा आणि वर जड डबा ठेवून रात्रभर राहू द्या. कुठली बाजू वर हा वाद फार आहे. मी खरखरीत बाजू वर ठेवते, कारण पॉलिश तिच्यात धरून राहतं. हिरवा साबण खडूसारखा चामड्यावर घासा. जाड थर नको, हिरवट छटा आली की पुरे. त्यातला कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा असतो, कागदाच्या दाण्याच्या कितीतरी पट बारीक, म्हणून तो धातू कापण्यापेक्षा घासून चकचकीत करतो आणि उरलीसुरली बर काढून टाकतो.

पद्धत: पातं त्याच कोनात टेकवा, पाठ पुढे, धार मागून, आणि हलक्या हाताने ओढा. उलट दिशेने गेलात तर चामडं चिरलं जाईल. ओढ संपताना सुरी आधी थांबवा, मग सरळ वर उचला. शेवटी मनगट वळवून उचलायची सवय सगळ्यांना असते, आणि तेवढ्या एका वळणात धारेचं टोक बोथट होतं. प्रत्येक बाजूला दहा-पंधरा ओढी, एक इकडे एक तिकडे. चामड्यावर काळ्या रेघा उमटायला लागतील. ते सुरीचं स्टील, म्हणजे काम होतंय. जोर देऊ नका. चामडं दाबलं जातं आणि धारेभोवती वर येतं, की कोन आपोआप वाढतो.

शेवटी सुरी साबणाने धुवा. त्याशिवाय कांद्याला लावू नका, पात्यावर पॉलिश आणि लोखंडाची भुकटी असते. धुताना सिंकमध्ये भांड्यांच्या ढिगात टाकून जाऊ नका; घरात कामाला येणाऱ्या ताई नाहीतर घरचंच कुणी हात घालतं, आणि आता ती कालची सुरी नाही.

७. तपासा

दंडावरचे केस कापून दाखवायचे उद्योग नकोत. वर्तमानपत्राचं एक पान हवेत धरा आणि टाचेपासून टोकापर्यंत कापा. सळसळ न करता कापलं तर छान. एका जागी अडकून फाटलं तर तिथेच धार गोल आहे किंवा बर राहिली आहे. ती जागा मार्करने खूण करून पुन्हा पाचव्या पायरीला जा. त्यानंतर पिकलेला टोमॅटो पाटावर ठेवून, न दाबता, फक्त सुरीच्या वजनाने पुढे-मागे करा. साल उघडली की झालं.

८. धार टिकवायची तर

लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पाट. काचेचा किंवा ग्रॅनाइटचा पाट म्हणजे केलेली मेहनत एका कोथिंबिरीच्या जुडीत पाण्यात. ताटात फळ कापायची सवयही सोडा. चिरलेलं पातेल्यात ढकलताना धारेने खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने ढकला.

आठवड्यातून एकदा पट्ट्यावर पाच-सहा ओढी दिल्या तर दगड काही महिने बाहेर काढावा लागत नाही. मटणाच्या दुकानात खाटीक दर चार तुकड्यांनी लोखंडी कांबीवर सुरी फिरवतो तेही याच जातीचं काम. धार झिजत नसते, वाकलेली असते, ती सरळ होते. वाकलेली धार पट्ट्याने परत येते. गोल झालेली येत नाही, तिला दगडच हवा. पट्ट्यावर वीस ओढी देऊनही टोमॅटो चेपतोय असं दिसलं की दगड भिजत घाला.

पावसाळ्यात इथल्या हवेत दोन गोष्टी सांभाळा. चामड्याला बुरशी येते, म्हणून पट्टा ओट्याखालच्या कपाटात नको, उघड्यावर टांगा; आली तर कोरड्या फडक्याने पुसून उन्हाची तिरीप दाखवा. आणि लोहाराकडची कार्बन स्टीलची सुरी असेल तर तिला धुतल्या धुतल्या पुसून खोबरेलाचा हात फिरवा, नाहीतर सकाळपर्यंत तांबूस ठिपके.

दगड सावलीत सुकवा. वापरून वापरून त्याच्या मध्ये खळगा पडतो, आणि खळग्यात कोन सांभाळता येत नाही. दगडावर पेन्सिलीने चौकटी काढा, टाइलवर १२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा आणि दगड त्यावर गोल गोल घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट.

लोक करतात, तुम्ही करू नका

ओट्याच्या कडेवर सुरी घासणं. जुन्या चाळींतला काळा कडप्पा हा चुनखडीचा दगड, स्टीलपेक्षा मऊ. त्यावर आवाज होतो, धार होत नाही. ग्रॅनाइट स्टीलपेक्षा कडक असतो, पण पॉलिश केलेला असल्याने तोही फारसं कापत नाही आणि कोनाचं तर नावच नको. अडीअडचणीला चिनी मातीच्या कपाच्या तळाचं न चकाकणारं खरखरीत कडं त्याहून कितीतरी बरं. कप उपडा घालून, कोन धरून, हलक्या हाताने. पाहुणे आलेत, सुरी चालत नाही, एवढ्यापुरतं.

दोन फटींचं ओढायचं शार्पनर. त्यातल्या कार्बाइडच्या पात्या धातू अक्षरशः ओरबाडतात. दोन मिनिटांत फरक दिसतो हे खरं, पण कड करवतीसारखी होते आणि दर वेळी बरंच पातं जातं. दोनशे रुपयांच्या सुरीला चालेल, चांगल्या सुरीला नको.

ग्राइंडर. सायकलवर नाहीतर खांद्यावर चाक घेऊन फिरणारे धारवाले अजून काही गल्ल्यांत येतात, आणि पातं खाचलं असेल, टोक मोडलं असेल तर मी त्यांच्याकडेच देते. हाताने ते काम दिवसभर पुरेल. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात म्हणजे कड तापते. कार्बन स्टीलवर निळसर छटा साधारण ३०० अंश सेल्सिअसला येते, आणि सुरीचं टेम्परिंग, म्हणजे कडक केलेलं स्टील ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा बेताने तापवणं, बहुतेक त्याहून बरंच खालच्या तापमानाला केलेलं असतं. निळी पडलेली कड मऊ झाली, तिथे धार टिकणार नाही. म्हणून उभं राहून बघा, मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगा, आणि ‘फक्त खाच काढा, धार मी लावते’ असं सांगून मोकळ्या व्हा. थोडा विचित्र चेहरा करतात, पण ऐकतात.

आणि विळी?

विळीला दगडावर नेता येत नाही, दगड विळीकडे न्यावा लागतो. पाट भिंतीला टेकवून पायाने घट्ट धरा, धार तुमच्याकडे येत असेल तर बाजूला बसा, समोर नको. छोटा लांबट दगड ओला करून पात्याच्या उतारावर तळापासून टोकाकडे फिरवा, बोटं दगडाच्या मागच्या बाजूला, काठाच्या पलीकडे अजिबात नाहीत. कोन मार्करनेच ठरवा. बर तशीच उठते, कापसाला तशीच लागते. पट्टा मात्र इथे प्लायवर चालत नाही, पातं वळलेलं असतं. चामड्याची सुटी पट्टी एका जाड पेनाभोवती किंवा लाटण्याच्या तुकड्याभोवती गुंडाळा, हिरवा साबण लावा आणि पाठीकडून धारेकडे, नेहमी धारेच्या बाहेरच्या दिशेला, पुसत जा. खोवणीचे दात याच्यात येत नाहीत. ते बोथटले असतील तर लोहाराकडची तिकोनी कानस घ्या आणि एकेका दाताच्या मधल्या खाचेत दोन-तीनदा, एकाच दिशेने चालवा.